विमानातून वाचलेली पानाची सही

आपला डोळा तीन मूळ रंगांवर जग पाहतो. ‘एव्हिरिस-एनजी’ हा विमानातला कॅमेरा मात्र प्रकाश सुमारे ४२५ पट्ट्यांत मोजतो. त्यातले बहुतेक पट्टे डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशातले. इस्रो आणि नासाने डिसेंबर २०१५ ते मार्च २०१६ या काळात तो भारतातील ५७ ठिकाणांवरून फिरवला. राजस्थानात जहाजपूरला खनिजे तपासली.

प्रत्येक खनिज, प्रत्येक पान प्रकाश आपापल्या परीने शोषते. तीच त्याची सही. आपल्या चंबळच्या शेतकऱ्याला यातून काय मिळेल? मोहरी कोमेजण्याआधीच तिला पडलेली पाण्याची ओढ ओळखता येईल. मात्र विमान फक्त संशय दाखवते. खात्रीसाठी बांधावर जावेच लागते.