श्रावणबाळाची कावड

आज आपण कर्तव्याचा प्रश्न घराच्या आतून पाहू.

आईवडिलांच्या सेवेचे आपले दोन आदर्श, पुंडलिक आणि श्रावणबाळ. पुंडलिकासाठी देव विटेवर थांबला, हे आपण कौतुकानं सांगतो. श्रावणबाळाचा शेवट मात्र घाईनं उरकतो. सेवा करणाराच गेला, आणि त्याच्यामागे आंधळे आईवडीलही गेले. सारी कावड एकाच खांद्यावर होती.

आता आपल्याच शहरातलं घर घ्या. समजा, सिडकोत नव्वदीची आई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळली आहे. मुलगा पंचावन्नचा, वाळूजला शिफ्टमध्ये. सुनेला मधुमेह. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून अशा रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. म्हणजे रात्री बारा, दोन, चार. असं महिनोन्‌महिने. मग एखाद्या दिवशी तोंडातून वाकडा शब्द जातो आणि माणूस दिवसभर स्वतःलाच खात बसतो. त्याची माया आटली का? नाही हो, त्याची झोप झालेली नसते.

कांट हा कर्तव्याबाबत अतिशय कठोर तत्त्वज्ञ. पण 'केलं पाहिजे' म्हणायचं तर ते करता येण्याजोगं हवं, हे त्यालाही मान्य होतं. आपण ही अट विसरतो.

कायदाही पहा. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं मुलांवर आणि सज्ञान नातवंडांवर निर्वाहाची जबाबदारी टाकली. न्यायाधिकरण दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता ठरवू शकतं. टाकून दिलेल्या वृद्धांना याचा आधार आहे, तो हवाच. पण त्या कायद्यातल्या 'मुलं' या व्याख्येत सून नाही, आणि घरोघरी कूस बदलते ती बहुधा तीच! तिची रात्र कोणी मोजायची?

मग करायचं काय? आधी भावंडांनी एकत्र बसून पाळ्या ठरवाव्यात. पुण्याचा किंवा अमेरिकेतला भाऊ पैसे पाठवतो, ते लागतातच. पण वर्षातून पंधरा दिवस त्यानं स्वतः येऊन रात्री जागाव्यात. परवडत असेल तर रात्रीसाठी बाई ठेवावी, आणि तसं केलं म्हणून कुणी नाव ठेवू नये. आपण शेजारी असू, तर 'आजी कशा आहेत?' यानंतर 'तू झोपलीस का?' हेही विचारावं. आणि दोन तास आजींपाशी बसावं.

वृद्धाश्रम हा पर्याय नैतिक आहे का, ते पुढच्या व्याख्यानात पाहू.