बेचाळिसाव्या वर्षी एम्. एस्सी.!

"आई, तू कॉलेजात जाणार?" बारावीतल्या लेकीने डोळे विस्फारले. सासूबाईंनी मात्र हातावर साखर ठेवली.

बी. एस्सी. होऊन वीस वर्षे उलटली होती. नाशिकच्या कॉलेज रोडवरून भाजी आणताना आरवायके कॉलेजचे फाटक रोज दिसे. शेवटी बांगड्या मोडून फी भरली आणि त्यातून आत गेले. आता माघार नव्हती.

पहिल्याच दिवशी ब्युरेट धरताना हात कापला. एक थेंब जास्त पडला आणि फिकट गुलाबी रंग गडद झाला. सारे पुन्हा! शेजारचा मुलगा म्हणाला, "काकू, शेवटी थेंब थेंबच सोडा." तोच माझा पहिला गुरू!

त्या रात्री कमला सोहोनी आठवल्या. १९३३ साली केवळ स्त्री म्हणून बंगळूरच्या विज्ञान संस्थेने त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. प्रवेश मिळवला आणि पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच. डी.ही. मला तर माझ्या भीतीखेरीज कुणीच अडवले नव्हते.

आता रात्री मायलेकी एकाच टेबलाशी बसतो. परवा तिला 'मोल'चे गणित अडले. काही न बोलता तिने वही माझ्याकडे सरकवली.