दिवा का विझला?

हिमाचल प्रदेशातील ग्राम्फू ते काझा हा मार्ग मोटारसायकलस्वारांची कसोटी पाहणारा आहे. कुंझुम खिंडीच्या अलीकडे कित्येक ठिकाणी रस्ता केवळ नावाला असतो. दगडगोटे, चिखल आणि ओढे यांतूनच वाट काढावी लागते. दुपारच्या उन्हाने बर्फ वितळले, की ओढ्यांचे पाणी चढते. अशा वाटांसाठी उंच बांधणीच्या, मजबूत स्प्रिंगांच्या आणि खाचदार टायरांच्या मोटारसायकली वापरतात. त्यांची चाके धक्के सोसतात. परंतु तारा, जोड आणि दिवे हे भाग मात्र नाजूकच राहतात.

समजा, अशा वाटेवर एका स्वाराला सायंकाळ झाली. ओढा ओलांडल्यावर पुढचा दिवा मंद झाला, थोडा वेळ लुकलुकला आणि चाक खड्ड्यात आदळताच विझला. एका बाजूस कडा, दुसऱ्या बाजूस दरी! अशा वेळी अंदाजाने पुढे जाणे म्हणजे प्राण संकटात घालणे होय. शहाणा स्वार प्रथम गाडी वाटेच्या कडेला सुरक्षित जागी उभी करतो आणि मगच दिवा का विझला याचा शोध घेतो.

हा शोध घेण्यापूर्वी विजेचा मार्ग ध्यानात घेतला पाहिजे. बॅटरीच्या धन टोकापासून निघालेला प्रवाह फ्यूज, किल्लीचा स्विच आणि दिव्याचे बटण यांतून बल्बमध्ये येतो. बल्बमधील बारीक तार त्यामुळे तापून प्रकाश देते. पण प्रवाहाचे काम तेथे संपत नाही. त्याला बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतावे लागते. परतीसाठी बहुधा गाडीच्या लोखंडी सांगाड्याचाच उपयोग करतात. दिव्याची परतीची तार सांगाड्याला बोल्टने आवळलेली असते; या जोडाला कारागीर 'अर्थ' म्हणतात. जाण्याच्या किंवा येण्याच्या वाटेत कोठेही खंड पडला, तर दिवा लागत नाही.

म्हणून पहिला प्रश्न असा, की केवळ एकच दिवा विझला आहे की सगळेच? मागचा दिवा, इशारादिवे आणि हॉर्न ही सर्वच बंद असतील, तर दोष सर्वांच्या सामाईक मार्गात, म्हणजे बॅटरी, मुख्य फ्यूज किंवा किल्लीचा स्विच यांत असण्याचा संभव अधिक. एकच दिवा बंद असेल, तर दोष त्याच्या स्वतःच्या शाखेत शोधावा. इतक्या साध्या निरीक्षणाने निम्मे काम होते.

फ्यूज हा विजेचा पहारेकरी आहे. प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला, की त्यातील तार वितळते आणि बाकीच्या तारा वाचतात. तो जळाला असेल, तर तितक्याच अँपिअरचा दुसरा बसवावा. तोही लगेच जळाला, तर एखादी तार सोलली जाऊन सांगाड्याला टेकली आहे असे समजावे. हँडल जेथे वळते, त्या मानेपाशी तारा वारंवार घासतात. तेथे प्रथम पाहावे. फ्यूजच्या जागी जाड तार घालणारा मनुष्य पहारेकऱ्याला हाकलून आगीला आमंत्रण देतो.

त्यानंतर बल्ब पाहावा. आतील तार तुटली असेल, तर ती बहुधा डोळ्यांना दिसते. पुढच्या बल्बमध्ये पुष्कळदा दोन तारा असतात. एक दूरच्या प्रकाशासाठी, दुसरी जवळच्या. एक लागते आणि दुसरी लागत नाही, तर ती तुटलेली तार किंवा बदलाचे बटण दोषी ठरते. बल्ब मात्र पुनःपुन्हा जळत असतील, तर दोष बल्बचा नसून दाब आवरणाऱ्या नियंत्रकाचा असू शकतो. १२ व्होल्टच्या गाडीत इंजिन चालू असता दाब सुमारे १४ व्होल्ट असतो. तो १५ च्या वर जाऊ लागला, तर बल्बांचे आयुष्य झपाट्याने घटते.

प्रस्तुत स्वाराचा फ्यूज शाबूत होता, बल्बची तारही अखंड होती. मग त्याने चाचणी-दिवा काढला. एक छोटा बल्ब आणि त्याला दोन तारा, एवढेच हे साधन. एक तार सांगाड्याला लावून दुसरीचे टोक मार्गातील एकेका ठिकाणी टेकवायचे. जेथपर्यंत हा दिवा लागतो, तेथपर्यंत वीज पोचलेली असते. लागणे जेथे थांबते, त्याच्या अलीकडेच खंड असतो. स्वाराने इंजिन सुरू करून बल्बच्या खोबणीत टोक टेकवले, तो चाचणी-दिवा लख्ख पेटला! वीज तर येत होती. म्हणजे दोष परतीच्या वाटेत होता.

त्याने 'अर्थ'चा बोल्ट पाहिला. त्यावर चिखल बसला होता, खाली हिरवट गंज चढला होता आणि बोल्ट सैल झाला होता. मंद प्रकाशाचे कारणही तेच होते. जर्मन शास्त्रज्ञ जॉर्ज सायमन ओहम यांनी १८२७ साली मांडलेल्या नियमानुसार दाब म्हणजे प्रवाह आणि रोध यांचा गुणाकार होय. दिव्यातून ५ अँपिअर प्रवाह जात असेल आणि गंजलेल्या जोडाचा रोध केवळ ०.४ ओहम असेल, तर तेथेच २ व्होल्ट दाब वाया जातो. बारापैकी दहाच व्होल्ट उरले, की साध्या तारेच्या बल्बचा प्रकाश जवळजवळ निम्मा होतो.

स्वाराने इंजिन बंद केले, बोल्ट काढला, चाकूने जोड घासून चकचकीत केला आणि पुन्हा घट्ट आवळला. इंजिन सुरू होताच समोरचे दगड उजळून निघाले. नवा बल्ब पेटीत तसाच राहिला. तो घातला असता, तरी अंधार हटला नसता.

दिवा विझला म्हणून दोष दिव्यातच असतो असे नाही. जो घाबरतो, तो हाती लागेल तो भाग बदलतो. जो विचार करतो, तो एकेक शक्यता तपासून बाजूला सारतो. अंधारात वाट दाखवणारा खरा दिवा असा क्रमशः चालणारा विचारच होय.