बॅकअप अडतो कुठे?

संगणकाचा बॅकअप अर्ध्यात थांबला की पहिला संशय सॉफ्टवेअरवर जातो. ते काढून दुसरे टाकले जाते आणि तेही चार दिवसांनी त्याच जागी अडते. बहुतेक वेळा खोट असते ती बॅकअप ज्यावर घेतला जातो त्या ड्राइव्हमध्ये, त्याच्या केबलमध्ये किंवा तो फॉरमॅट करण्याच्या पद्धतीत. म्हणून बॅकअपची दुरुस्ती आणि ड्राइव्हची निवड हे एकाच विषयाचे दोन भाग आहेत.

फॉरमॅटचा घोळ सर्वांत साधा आणि सर्वांत फसवा. फॅट३२ पद्धतीच्या ड्राइव्हवर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकही फाइल बसत नाही. ड्राइव्ह निम्मा रिकामा असला तरी फाइल नाकारली जाते आणि वापरणारा बुचकळ्यात पडतो. काही प्रोग्रॅम बॅकअपच्या एकसंध फाइलीचे तुकडे करून वेळ निभावतात, काही सरळ थांबतात. फक्त विंडोजवर वापरायचा ड्राइव्ह एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करावा. मॅकलाही जोडायचा असेल तर एक्सफॅट बरा. फॉरमॅट करताना आधीचे सगळे पुसले जाते, एवढे ध्यानात ठेवावे.

बॅकअप रेंगाळत असेल तर आधी पोर्ट पाहावा. यूएसबी २.० मधून सेकंदाला जेमतेम ३५ ते ४० एमबी जातात, म्हणजे १ टीबीला सात-आठ तास. तीच हार्ड डिस्क यूएसबी ३.० पोर्टात लावली की मोठ्या फाइलींचे काम दोन-अडीच तासांवर येते. मधूनमधून ड्राइव्ह गायब होत असेल, तर तो कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टातून काढून मागे, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टात लावून पाहावा.

ड्राइव्हची खरी प्रकृती त्याच्या ‘स्मार्ट’ नोंदींतून कळते. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा मोफत प्रोग्रॅम त्या दाखवतो. हार्ड डिस्कच्या त्या लांबलचक तक्त्यात तीन ओळी पाहिल्या तरी पुष्कळ. ५ व्या क्रमांकावर निकामी ठरवून बदललेल्या सेक्टरांची संख्या असते, १९७ वर वाचता न आल्यामुळे संशयित ठरलेल्या सेक्टरांची, आणि १९९ वर केबलमधून डेटा जाताना झालेल्या चुकांची. १९९ चा आकडा वाढत असेल तर ड्राइव्ह फेकू नये, साटा केबल बदलावी. जुना आकडा खाली येत नाही; तो वाढायचा थांबला की दुखणे संपले. पण ५ किंवा १९७ वाढत असेल, तर सर्वांत आधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे काढाव्यात. अशा वेळी घाईने विंडोजची चेकडिस्क ही डिस्क-तपासणी चालवणे घातक ठरू शकते, कारण आधीच खचलेल्या डिस्कवर ते आणखी ताण टाकते.

सॉफ्टवेअरचाच म्हणावा असा दोष विंडोजमध्ये बहुधा व्हॉल्यूम शॅडो कॉपी या सेवेत निघतो. उघड्या असलेल्या फाइलींचीही प्रत घेता यावी म्हणून ही सेवा डिस्कची त्या क्षणाची स्थिती गोठवते. दोन बॅकअप प्रोग्रॅम एकाच वेळी चालू असले किंवा रिकव्हरी पार्टिशनमध्ये मोकळी जागा उरली नसली तरी ती अडते. संगणक रीस्टार्ट करावा, दोहोंपैकी एक प्रोग्रॅम काढावा. बरेचदा एवढ्यावर भागते.

याहून वाईट म्हणजे अपयशाचा पत्ताच न लागणे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत चालू डेटाबेस चुकून पुसला गेला. रोजचा बॅकअप शोधला तर साठवणीची जागा रिकामी! बॅकअपचा प्रोग्रॅम डेटाबेसच्या मानाने जुन्या आवृत्तीचा असल्याने काम फसत होते आणि ते फसल्याचे ईमेलही पोहोचत नव्हते. सुमारे सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या प्रतीवर निभावले. एवढ्या तज्ज्ञांच्या घरी हे घडले.

आता ड्राइव्ह. विंडोज आणि रोजची कामे एसएसडीवर असावीत, यात वाद नाही. साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी देते, एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पट. मात्र एसएसडीवर लिहिलेले एम.२ हे फक्त खाचेचे नाव आहे. काही मदरबोर्डांच्या खाचेत फक्त साटा चालते, काहींत फक्त एनव्हीएमई. मॅन्युअल पाहिल्याशिवाय खरेदी करू नये.

बॅकअपसाठी मात्र एसएसडी घेणे बहुतेकांच्या बाबतीत उधळपट्टी आहे. शिवाय ती वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवण्याची वस्तू नाही. घरगुती एसएसडीच्या मानकानुसार, लेखनाची मर्यादा संपलेल्या ड्राइव्हने विजेविना ३० अंश तापमानात एक वर्ष डेटा टिकवावा एवढीच अपेक्षा असते. नवी एसएसडी याहून पुष्कळ टिकते, पण उष्णतेने ही मुदत घटते, आणि विदर्भातल्या मे महिन्यात ३० अंश म्हणजे गारवाच.

हार्ड डिस्क घेताना सीएमआर की एसएमआर हे विचारावे. एसएमआरमध्ये, सीएमआरच्या उलट, ट्रॅक छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. आठवड्यातून एकदा बॅकअप घेणाऱ्याला ते चालून जाते. सतत लेखन होणाऱ्या किंवा अनेक डिस्क एकत्र जोडणाऱ्या आरएआयडी (RAID) रचनेतल्या डिस्कला नाही. वेस्टर्न डिजिटलने ‘रेड’ नावाने विकल्या जाणाऱ्या आपल्या काही डिस्कमध्ये एसएमआर असल्याचे २०२० मध्ये, ग्राहकांनी गलका केल्यावर मान्य केले. क्षमता मूळ डेटाच्या दीडपट-दुप्पट असावी. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. ती मोजमापाच्या पद्धतीतली तफावत आहे, फसवणूक नव्हे.

ड्राइव्ह कितीही चांगला असो, तो कायम जोडलेला ठेवू नये. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे रॅन्समवेअर जोडलेला बॅकअपही कुलूपबंद करते. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर हा रूढ नियम त्यासाठीच आहे. प्रत असली तरी ती उघडून वाचताही यायला हवी. छपाईच्या व्यवसायात युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या जुन्या मराठी फाइली असतात. त्यांच्यासोबत फॉन्टचीही प्रत ठेवावी, नाहीतर फाइल सुखरूप परत येते आणि मजकूर वाचता येत नाही. ड्राइव्हला विंडोजचे बिटलॉकर हे कुलूप लावले असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी.

दर दोन-तीन महिन्यांनी बॅकअपमधला एखादा फोल्डर वेगळ्या जागी परत आणून त्यातल्या फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. प्रोग्रॅमने दाखवलेल्या हिरव्या खुणेवर विसंबू नये.