पीएफ काढला, पेन्शन गेली

पालकसभा संपली तरी एक आई थांबून राहिली. हातात शोहरच्या पीएफ पासबुकाची प्रिंट होती. "टीचर, यांची कंपनीत अकरा वर्षं झाली. म्हातारपणी पेन्शन मिळेल ना?"

कागद पाहिला. पेन्शनच्या हिशेबात जेमतेम तीन वर्षं उरली होती. ठेकेदार बदलला की ते पीएफबरोबर पेन्शनचेही पैसे काढून घेत. एकदा नणंदेच्या लग्नाला, एकदा घराच्या स्लॅबला.

आपल्या कोरेगाव भीमातून सणसवाडी, रांजणगावच्या कारखान्यांत ठेकेदारीवर जाणाऱ्या अनेक घरांत हे घडू शकतं. म्हणून हिशेब नीट समजून घेऊ.

कामगाराच्या मूळ पगार व महागाई भत्त्यातून साधारणपणे १२ टक्के पीएफ कापला जातो. मालकही तेवढेच भरतो; त्यातले ८.३३ टक्के १९९५ च्या पेन्शन योजनेत जातात. २०१४ पासून त्यासाठी पगाराची मर्यादा १५,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये.

दहा वर्षांची सेवा भरली तर ५८ व्या वर्षापासून पेन्शन सुरू होते. सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगार १५,००० आणि सेवा दहा वर्षं असेल, तर महिना सुमारे २,१४३ रुपये. रक्कम छोटी आहे, पण औषधासाठी मुलापुढे हात पसरावा लागत नाही.

ही दहा वर्षं एकाच कंपनीतली असावी लागत नाहीत. नोकरी बदलली तरी यूएएन नंबर तोच ठेवावा आणि जुनं खातं नव्या खात्यात वळवून घ्यावं. काम सुटलं तर पेन्शनचे पैसे काढण्याऐवजी योजना प्रमाणपत्र घ्यावं; झालेली सेवा शाबूत राहते. पैसे काढले की ती वर्षं पुसली जातात.

दर महिन्याला पासबुक पाहावं. पगारातून कापलेला पैसा ही कामगाराची अमानत आहे. ठेकेदाराने तो भरला नाही, तर मूळ कंपनीही जबाबदार असते. वारसनोंदही करून ठेवावी. नोकरीत असताना इंतकाल झाला, तर एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी बेवा आणि २५ वर्षांखालच्या दोन मुलांना पेन्शन मिळते.

त्या बहिणीच्या शोहरचं वय आज ४१ आहे. पुढची सात वर्षं हात लावला नाही, तर दहा भरतील, इन्शाअल्लाह. तुमच्या घरातलं पासबुक आज रात्रीच उघडून बघा.