विश्लेषण : चौलच्या किनाऱ्यावरून मुंबईत आलेले बेने इस्रायली स्वतःच्या पायावर कसे उभे राहिले?

चेऊलकर, किहिमकर, नवगावकर, पेणकर. रायगडातील गावांवरून पडलेली ही आडनावे बेने इस्रायली ज्यूंची आहेत. चौलला लागून असलेल्या रेवदंड्यात त्यांचे सिनेगॉग आजही आहे. हा समाज आधी मुंबईत आणि नंतर इस्रायलमध्ये गेला. नव्या जागी त्यांना कोणती मदत उपयोगी पडली आणि कोणती अपुरी ठरली?

ते किनाऱ्यावर कसे आले?
समाजाच्या परंपरेनुसार अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. घाण्यावर तेल काढणे हा त्यांचा व्यवसाय झाला. शनिवारी घाणा बंद असे, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. मराठी त्यांची मायबोली झाली.

मुंबईत काय बदलले?
अठराव्या शतकात कुटुंबे मुंबईकडे येऊ लागली. कुणी पलटणीत भरती झाले, कुणी सुतारकाम धरले. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईतील पहिले सिनेगॉग बांधले. नवख्यांना ओळखीची माणसे मिळण्याची ती जागा होती. मात्र कारकुनी नोकरीसाठी इंग्रजी लागे आणि ते शिकवणार कोण, हा प्रश्न होता.

शाळाच का काढली?
हाईम सॅम्युएल किहिमकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये समाजाची शाळा सुरू झाली. मदत म्हणून दिलेले धान्य महिन्याभरात संपते. शिकलेला मुलगा मात्र घरात दरमहा पगार आणतो. शाळेत इंग्रजीबरोबर मराठी आणि हिब्रूही होती, त्यामुळे शिकताना आपली ओळख सोडावी लागली नाही. पुढे बगदादी ज्यू उद्योजक सर एली कदुरी यांच्या देणगीनंतर माझगावच्या या शाळेला त्यांचे नाव मिळाले.

परदेशातून आलेल्यांचे काय?
हिटलरच्या जाचातून सुटलेली ज्यू कुटुंबे मुंबईत येऊ लागली, तेव्हा १९३४ मध्ये ‘ज्युइश रिलीफ असोसिएशन’ स्थापन झाली. आलेल्यांचा भार सरकारवर पडणार नाही, अशी हमी ही संस्था देत असे. हमी दिल्यामुळे त्यांना लवकर कामाला लावणे ही संस्थेचीच जबाबदारी ठरत होती.

मग इस्रायलमध्ये काय अडले?
१९४८ नंतर हजारो बेने इस्रायली तिकडे गेले. तिथे सरकार घर आणि काम देत होते. तरीही भेदभावाला कंटाळून काहींनी धरणे धरले आणि ते १९५२ मध्ये भारतात परतले. १९६२ मध्ये तेथील मुख्य धर्मपीठाने त्यांच्या विवाहांसाठी वंशाची चौकशी सुरू केली. मोठ्या आंदोलनानंतर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायली संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. घर आणि रोजगार मिळूनही ‘तुम्ही आमचेच’ हा शब्द मिळवायला त्यांना झगडावे लागले.

यातून काय दिसते?
मुंबईत मदत करणारे स्वतः कधीतरी नवखेच होते. त्यामुळे पैशाआधी भाषा, ओळख आणि काम लागते, हे त्यांना ठाऊक होते. माझगावच्या त्या शाळेतील बहुतेक मुले आज ज्यू नाहीत. समाज बराचसा निघून गेला. त्याने उभारलेल्या वर्गांत आता इतरांची मुले शिकत आहेत.