गळालेली ओवी

बँकेच्या लेखी देवाधर्माची पुस्तके आणि खोबरेल तेलाचे डबे यांत काही फरक नसतो. दोन्ही 'माल'. गोदामात जाऊन मोजायचा, भाव लावायचा, मार्जिन वजा करायचे आणि उरेल तेवढ्या रकमेपर्यंत कर्ज उचलू द्यायचे. १९८५ साली माझी बदली गिरगावच्या शाखेत झाली, तेव्हा कॅश क्रेडिटच्या काही खात्यांची तपासणी माझ्याकडे आली. त्यांत एक तेलाचे व्यापारी होते, एक छत्र्यांचा कारखाना होता आणि एक धार्मिक पुस्तकांचे प्रकाशन होते. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिन्ही ठिकाणी जायचे. तेल आणि छत्र्या मी केव्हाच विसरलो. प्रकाशनाची ती कचेरी मात्र नोकरी सुटली तरी सुटलेली नाही.

नाव सांगत नाही. मालक आता हयात नाहीत, आणि जे सांगायचे आहे त्यात माझाही हात आहे.

एका चाळीचा तळमजला आणि वरचा पोटमाळा एवढाच त्या संस्थेचा पसारा. पुढे विक्रीचे काउंटर, त्याच्या मागे कचेरी, कचेरीमागे खिळ्यांची खोली आणि छापायचे यंत्र, मागच्या पडवीत बांधणी. पोटमाळ्यावर तयार पुस्तकांच्या थप्प्या. थप्प्या जमिनीला टेकू देत नसत, खाली लाकडी फळ्या असत. बाहेर चपला काढून आत जायचे. पहिल्या दिवशी मी बूट घालून उंबरठा ओलांडला, तेव्हा कोणी काही बोलले नाही, पण सगळ्यांची नजर माझ्या पायांवर गेली. पुढच्या महिन्यापासून मी तपासणीच्या दिवशी सँडल घालून जाऊ लागलो.

धार्मिक प्रकाशनाची कचेरी म्हणजे उदबत्तीचा वास आणि हळू आवाजातले बोलणे, अशी माझी कल्पना होती. उदबत्ती सकाळी पंधरा मिनिटे असे. नंतर दिवसभर वास यायचा तो खिळे धुण्याच्या रॉकेलचा, शाईचा आणि शिजवलेल्या खळीचा. बोलणे असायचे ते विरार लोकलचे, वाढलेल्या भाड्याचे आणि गावसकरच्या बॅटिंगचे. एकीकडे सत्यनारायणाच्या पोथीच्या घड्या पडत, दुसरीकडे कोणाच्या तरी सासूची हजेरी घेतली जाई. देवाचे नाव तिथे कोणी घेत नसे. ते दिवसभर हातांतून जात होते, तोंडाने घ्यायला सवड नव्हती.

मालकांना सगळे अण्णा म्हणत. साठी ओलांडलेले, धोतर आणि कोट. माझ्याहून चाळीस वर्षांनी मोठे, पण मला 'साहेब' म्हणत आणि ते म्हणताना त्यांना काही वाटत नसे, मला वाटे. मुद्रितशोधक होते त्यांना गुरुजी म्हणत, कारण ते पूर्वी शाळेत शिक्षक होते. हे गुरुजी पक्के नास्तिक. गुरुचरित्राच्या सात आवृत्त्यांची प्रुफे त्यांनी वाचली होती आणि घरी एकदाही पारायण केले नव्हते. मी एकदा विचारले, तर म्हणाले, "औषधाच्या बाटलीवरचं लेबल छापणारा आजारी असायला लागतो का?" ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, सिद्ध केली. त्याबद्दल मात्र ते फार आदराने बोलत. "नाथ हे आमच्या खात्यातले पहिले माणूस," असे त्यांचे म्हणणे.

जुळारी कोकणातले, त्यांना मामा म्हणत. देवनागरीचे खिळे म्हणजे इंग्रजीसारखा सव्वीस अक्षरांचा संसार नव्हे. काना, मात्रा, वेलांटी, रफार, जोडाक्षरे धरून शेकडो घरे. मामा त्या घरांकडे न बघता हात घालत. उलट्या अक्षरांतला मजकूर ते भराभर वाचत, पण छापून आलेले पुस्तक वाचायला दिले की चष्मा शोधत. बांधणीचे मुख्य होते चाचा, डोंगरीहून येत. पोथीच्या पुठ्ठ्याला त्यांनी कधी सरस लावला नाही. सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून होतो, म्हणून ते मोरचूद घालून पिठाची खळ शिजवत. हा नियम त्यांना अण्णांनी घालून दिलेला नव्हता. त्यांनी तो आपल्या वडिलांकडून उचलला होता, आणि वडील याच बांधणीत होते.

ही काळजी या धंद्यात जुनी आहे. मराठीतले पहिले छापील पंचांग १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेसवर काढले. शाईत चरबी असते म्हणून सनातनी मंडळी छापील पोथीला शिवेनात, तेव्हा त्यांनी शाईत तूप वापरले असे सांगतात. पुढे जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला आणि शुद्ध, सुबक छपाईसाठी त्याचे नाव देशभर झाले. छापील पोथी विटाळाची नाही आणि चुकीचीही नाही, हे लोकांना पटवण्यात या गिरगाव-काळबादेवीच्या छापखान्यांची पहिली पन्नास-साठ वर्षे गेली. चाचांची खळ आणि गुरुजींचा लाल शाईचा टाक हे त्याच कामाचे शेवटचे टोक होते.

अर्थात सोवळे एवढेच आणि इथवरच. मामांच्या डब्यात बांगडा असे. त्यावर कधी काळी वाद झाला असावा आणि तडजोडही. मासे खिळ्यांच्या खोलीत चालत, पुस्तकांच्या खोलीत नाहीत. मधल्या दाराच्या उंबरठ्यावर ही सीमा होती. गुरुजी ब्राह्मण असून सीमेच्या अलीकडे बसत आणि कालवणाचा रस्सा पलीकडून मागवून घेत.

टपालाचे काम एका बाईंकडे होते. चाळिशीच्या, नवरा गिरणीत, १९८२ च्या संपात त्याची नोकरी गेलेली. व्ही.पी.ची पार्सले, मनिऑर्डरी आणि रोजची वीस-पंचवीस पत्रे त्या पाहत. निम्म्या पत्रांत पुस्तकाची मागणी नसेच. 'मुलीचे लग्न जमत नाही, कोणती पोथी वाचू?' 'जमिनीचा दावा आहे, नवनाथ लावू की शिवलीलामृत?' लोक प्रकाशकाला देवाचा कारकून समजत. अण्णांची सूचना अशी, की आपण फक्त पुस्तके विकतो, सल्ला द्यायचा नाही, पण पत्र अनुत्तरित ठेवायचे नाही. बाई उत्तर लिहीत, 'आपले पत्र पोचले. सोबत यादी पाठवीत आहोत.' आणि कधी कधी खाली स्वतःच्या जबाबदारीवर एक ओळ टाकत, 'मुलीला पुढे शिकवावे.'

१९८६ च्या ऑक्टोबरात याच टपालातून एक पोस्टकार्ड आले. नगर जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षकांचे. त्यांनी गुरुचरित्राची नवी प्रत मागवली होती आणि चौदाव्या अध्यायात एक ओवी गळालेली त्यांना आढळली होती. रागाचा एक शब्द नाही, फक्त ओवीचा अंक आणि 'कळावे' एवढेच.

ज्यांच्या घरी गुरुचरित्र आहे त्यांना चौदाव्या अध्यायाचे महत्त्व सांगायला नको. पूर्ण पारायण होत नाही अशा घरांतूनही तो एक अध्याय रोज वाचला जातो. गुरुजींनी जपून ठेवलेले शेवटचे प्रूफ काढले. प्रुफात ओवी होती. शेजारच्या ओवीचा अंक चुकला होता, तो त्यांनी यंत्रावरच दुरुस्त करायला सांगितला होता. दुरुस्ती करताना मामांच्या हातून दोन ओळी सुटल्या, परत बसवताना एक ओवी राहिली आणि जागा शिशाच्या पट्ट्यांनी भरली गेली. दुरुस्तीनंतर पुन्हा छाप काढून बघायचा हा गुरुजींचाच नियम. पण तो दिवस गणपतीच्या आदल्या दिवसाचा होता आणि सगळ्यांना घरी जायचे होते.

आवृत्ती पाच हजारांची. सहाशे प्रती विकल्या गेलेल्या, दोन हजार बांधून तयार, बाकीचे सुटे फर्मे. सोळा पानांचा तो एक फर्मा, म्हणजे पाच हजार ताव, दहा रीम कागद. तेवढ्यावर भागले असते. पण बांधलेल्या दोन हजार प्रती उसवून पुन्हा शिवायच्या, हा खर्च मोठा होता. गुरुजींनीच सुचवले की शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवू. अण्णा म्हणाले, "पारायणाला बसलेला माणूस शुद्धिपत्र बघायला उठत नाही, गुरुजी." विषय संपला. उसवलेले फर्मे रद्दीत विकले असते तर चार पैसे आले असते, पण दत्तात्रेयाचे नाव असलेला कागद शेंगदाण्यांच्या पुडीला जाऊ द्यायचा नाही, हा तिथला दंडक. तो कागद गिरणीत लगद्यासाठी गेला, वाहतुकीचा खर्च अण्णांचाच. विकल्या गेलेल्या सहाशे प्रतींपैकी ज्यांचे पत्ते होते त्यांना नवी पाने टपालाने गेली.

आता माझा भाग. त्या महिन्याचे मालाचे पत्रक घेऊन अण्णा स्वतः बँकेत आले. पत्रकात त्या दोन हजार प्रती पुस्तकांच्या रकान्यात नव्हत्या. मी विचारले, तर म्हणाले, "साहेब, ती पुस्तकं नाहीत. तो सध्या कागद आहे." प्रती पोटमाळ्यावर जशाच्या तशा उभ्या होत्या. मी मोजल्या असत्या तर दोन हजार भरल्या असत्या. कोणता बँक अधिकारी चौदावा अध्याय उघडून ओव्या मोजतो? पण त्यांनी लिहून दिले होते. मी नियमाप्रमाणे हिशेब केला आणि त्यांची उचल अठरा हजारांनी कमी झाली. दिवाळी दोन आठवड्यांवर होती.

एक गोष्ट मला करता आली असती. दत्तजयंतीपर्यंत, म्हणजे माल विकला जाईपर्यंत, तात्पुरती जादा उचल मंजूर करावी अशी शिफारस वरच्या कचेरीला पाठवता आली असती. दोन पानांचे टिपण. ती मंजूर झाली असती की नाही, हा प्रश्न वेगळा. मी ते लिहिलेच नाही. सी.ए.आय.आय.बी.च्या परीक्षेचा अभ्यास चालला होता, दिवाळीची गर्दी होती आणि त्या टिपणात मला कोणी काही विचारले असते तर उत्तर काय देऊ, ही धास्ती होती.

त्या कचेरीत धनत्रयोदशीला एक पगार बोनस देण्याची रीत होती. त्या वर्षी प्रत्येकाला शंभर रुपये आणि मिठाईचा पुडा मिळाला, बाकी दत्तजयंतीनंतर. गुरुजी म्हणाले, माझा बोनस कापा. मामा म्हणाले, माझा. खूश होत्या त्या फक्त घड्या घालणाऱ्या बायका. त्यांना शेकड्यावर मजुरी मिळे, एकाच पुस्तकाचे काम दोनदा निघाले, त्यांची दिवाळी झाली.

मी मालमोजणीला गेलो तेव्हा बाई पार्सलांना सुतळी बांधत होत्या. सगळे अण्णांची वाखाणणी करत होते, मीही दोन शब्द बोललो. बाईंनी हातातले काम थांबवले नाही. म्हणाल्या, "अण्णांनी केलं ते बरोबरच केलं हो. पण पुण्य त्यांच्या नावावर आणि उसनवारी माझ्या." मग गुरुजींकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही बोनस सोडू नका. तुम्ही सोडलात की उद्या आम्हांला मागायची चोरी."

इतक्या वर्षांत मला या वाक्याचे उत्तर सापडलेले नाही. पोथी शुद्ध हवी आणि स्वस्तही हवी, गरिबाच्या घरात पोचली पाहिजे, हे खरेच. पण ही स्वस्ताई कोणाच्या तरी खिशातून येते. गोरखपूरच्या गीता प्रेसचे उदाहरण घ्या. १९२३ साली सुरू झालेली संस्था. तिथल्या पुस्तकांच्या किमती पाहून आजही आश्चर्य वाटते, 'कल्याण' मासिक जाहिराती घेत नाही. त्याच गीता प्रेसमध्ये २०१४-१५ साली पगारावरून कामगार आणि व्यवस्थापन यांच्यात तंटा होऊन काम बंद पडले होते. त्यात कोणाची बाजू किती खरी, हे लांबून ठरवणारा मी कोण? पण ती बातमी वाचताना मला सुतळी बांधणाऱ्या बाई आठवल्या. देवाच्या पुस्तकाचे काम करतो म्हणून वाण्याचे बिल थांबत नाही. आणि मालक नेक असला, की त्याच्याकडे मागणे आणखीच अवघड होते.

त्या साली दत्तजयंतीच्या आधी आवृत्ती जवळजवळ संपली आणि चौथ्या दिवशी सगळ्यांना पुरा बोनस मिळाला. गुरुजींनीही घेतला. बाईंनी पाकीट मोजून पर्समध्ये टाकले आणि पार्सलाचा पत्ता लिहायला घेतला. माझ्या न लिहिलेल्या टिपणाबद्दल मी त्यांना कधी सांगितले नाही. १९८८ साली माझी बदली झाली. पुढे खिळे भंगारात गेले, संगणकावरची जुळणी आली, अण्णा गेले, काही वर्षांनी ती जागाही गेली.

आमच्या वहिनी हल्ली गुरुचरित्र मोबाइलवर वाचतात. अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, पैसे पडत नाहीत. गेल्या मार्गशीर्षात एका ओवीशी त्या अडखळल्या. शब्द लागेना. जुनी पोथी काढून ताडून पाहिले, तर मोबाइलवर दोन अक्षरांची उलटापालट झाली होती. वहिनींनी खालपासून वरपर्यंत बोट फिरवून पाहिले आणि मला विचारले, "भाऊजी, हे कळवायचं कोणाला? इथे पत्ताच नाही."